दुखणं, रुपयात बारा आणे

शिरूर तालुक्यात लोकांचं भलं करायला येणाऱ्याने एक धोका आधीच ओळखून ठेवावा. इथली माणसं त्याला सुखासुखी भलं करू देत नाहीत. आधी चहा पाजतात, मग जेवायला बसवतात, मग लग्न झालंय का ते विचारतात, आणि एवढं सगळं होऊनही तो टिकलाच तर त्याला देव करून टाकतात. मी हवेतलं बोलत नाही. शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस 1809 साली वारला आणि तिथेच त्याला पुरलं. बिचारा आला होता फौज सांभाळायला. पण भोवतालच्या गावांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरवलं आणि सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर जाऊ लागला. खुद्द इंग्रज सरकारने गॅझेटियरमध्ये ही नोंद करून ठेवली आहे. हयातभर कर्नल आणि मेल्यावर नैवेद्याचा मानकरी, एवढी बढती कंपनी सरकारने त्याला जन्मात दिली नसती.

त्याच्यामागून अमेरिकन मराठी मिशनची मंडळी आली. 1813 साली मुंबईत उतरलेली ही माणसं 1831 साली नगरला पोचली आणि 1841 साली त्यांनी शिरूरला ठाणं केलं. नगरच्या सिंथिया फरार बाईंकडे तर आपल्या सावित्रीबाई शिक्षिकेचं काम शिकल्या. म्हणजे पाद्री, शाळा आणि दवाखाना ही तीन चाकांची गाडी आमच्या भागाला नवी नाही. आमची पणजी ती बघत मोठी झाली. गोरा माणूस दिसला की आमची पोरं पळत सुटतात, पण म्हातारी माणसं जागची हलत नाहीत. एवढंच विचारतात, “ह्यो पुसायला आलाय का काय वाटायला?”

आता मिशनचं रूप पालटलं आहे. घोड्यावर बसून, काखेत पुस्तक मारून कुणी येत नाही. त्याच्या जागी निघतात ती फिजिकल थेरपी, म्हणजे आपली फिजिओथेरपी, शिकणारी पोरं. अमेरिकेत ही विद्या शिकायची तर आधी एक पदवी, मग वर तीन वर्षं, आणि शेवटी नावामागे डॉक्टर लागतं. डोक्यावर कर्जही लागतं, पण ते नावामागे लिहीत नाहीत. ही चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं सुट्टीत आठ-पंधरा दिवसांसाठी चर्चच्या किंवा कॉलेजच्या तुकडीतून ग्वाटेमाला, होंडुरास, केनिया अशा देशांत जातात. तिकिटासाठी ओळखीपाळखीत वर्गणी गोळा करतात. वर्गणी म्हटल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे असतात. बॅगेत कपडे कमी आणि कुबड्या, गुडघ्याचे पट्टे, रबरी फिती जास्त. सकाळी प्रार्थना, दिवसभर लोकांच्या कमरा, रात्री पुन्हा प्रार्थना. थट्टा करावी असं यात काही नाही. परक्या मुलखातल्या म्हातारीचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन बसायला मोठं मन लागतं. आमच्याकडे सख्ख्या सुनेला ते जमेलच असं नाही.

आमच्या निमोणे गावात अशी तुकडी उतरलेली माझ्या पाहण्यात नाही. पण उद्या उतरली तर काय काय होईल ते मी आजच लिहून ठेवतो. यातलं एक अक्षर खोटं ठरलं तर पारावर सगळ्यांना चहा माझ्याकडून.

पहिला दिवस उपचारात जाणार नाही, सत्कारात जाईल. शिबिर शाळेच्या व्हरांड्यात नऊ वाजता सुरू होईल असं पत्रकात छापलेलं असेल. साडेदहाला सरपंच येतील. मग नारळ, मग शाल, मग ज्यांची नावं पत्रकात राहून गेली त्यांची समजूत. प्रत्येक पाहुण्याला फेटा बांधला जाईल. आमच्याकडचा फेटा एकदा बसला की मान इकडची तिकडे होत नाही. त्यामुळे मानदुखीवर बोलायला उभी राहिलेली पोरगी सगळं अंग वळवून इकडे-तिकडे बघत बोलेल आणि मागच्या बाकावरचा एखादा म्हणेल, “हिचीच मान आखडलीया की.” उपसरपंच भाषणात शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतील आणि घोड धरणाच्या आवर्तनावर येऊन थांबतील. गुडघ्याचा विषय निघणार नाही.

अकरा वाजता पहिला पेशंट येईल आणि तो पुरुष असेल. त्याला काहीही होत नसेल. तो बीपी तपासायला आलेला असेल. गावात कुठलंही शिबिर असो, डोळ्यांचं असो, दातांचं असो, जनावरांच्या लसीकरणाचं असो, आमचा माणूस शर्टाची बाही वर सारूनच आत शिरतो. बीपी झालं की वजन. वजन झालं की, “बरं, शुगर?” यातलं काहीच इथं होत नाही असं गावच्या आशा सेविकेने, आमच्या आशाताईंनी, सांगितलं की तो खुर्ची ओढून तिथेच बसेल आणि पुढच्या प्रत्येक पेशंटच्या दुखण्यावर स्वतःचं मत देईल.

मग बायका येतील. खुरपं ठेवून, हात धुऊन, पदराला पुसत, घाईघाईने. खरं शिबिर तेव्हा सुरू होईल.

फिजिओथेरपीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. दुखणं शून्य ते दहामध्ये किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. जगभर हीच पट्टी. आमच्या आत्यासमोर ही पट्टी धरली की आधी आत्या पट्टीकडे बघेल, मग पोरीकडे बघेल, मग आशाताईंना म्हणेल, “तिला सांग, रुपयात बारा आणे.” हिशेब अगदी चोख आहे. पाऊण हिस्सा दुखतंय, चार आणे कामाला शिल्लक आहे. पोरीने पंचाहत्तर टक्के धरून साडेसात लिहावं. पण तिने जर विचारलं की गेल्या वर्षी किती होतं, तर आत्या म्हणेल, “गेल्या सालीबी बाराच आणे. पर तवा सासू होती.” आता सासू गेल्यावर दुखणं वाढलं की कमी झालं हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते अमेरिकेत शिकवलेलं नसतं.

दुसरी एक चाचणी मला फार आवडते. पेशंटला खुर्चीवर बसवायचं. ‘उठा’ म्हटलं की उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. डॉक्टर घड्याळ लावून सेकंद मोजतो. बारा सेकंदांच्या वर गेलं की माणूस पडायचा धोका आहे असं धरतात. सोपी चाचणी, यंत्र नको, वीज नको. निमोण्यात काय होईल सांगतो. आत्या उठेल. तीन मीटर झपाझपा चालेल. आणि तशीच फाटकातून बाहेर पडून घरी जाईल, कारण चुलीवर दूध ठेवून आलेली आहे. घड्याळ चालूच. पोरगी कागदावर काय लिहील? चाळीस मिनिटांनी आत्या परत येईल, खुर्चीवर बसेल आणि म्हणेल, “आता मोज.”

जमिनीवर बसून, हात-गुडघा न टेकता उठून दाखवण्याचीही एक चाचणी आहे. ब्राझीलच्या डॉक्टरांनी ती काढली. बसायला पाच गुण, उठायला पाच गुण, आणि हात, कोपर, गुडघा जे काही टेकाल त्याचा एकेक गुण कापायचा. या चाचणीत ज्यांना कमी गुण पडले ते लवकर वारले, असं त्या डॉक्टरांनी 2012 साली छापलं आणि सगळ्या जगाच्या पोटात गोळा आला. आमच्या शेजारच्या काकू पंचाहत्तरीच्या आहेत. त्या रोज बाजरी निवडायला बसतात आणि सुपासकट उठतात. सुपातला दाणा सांडत नाही. त्यांना दहापैकी नऊ द्यायला हरकत नाही. एक कापायचा, कारण उठताना त्या ‘इठ्ठला’ म्हणतात आणि तो आधारच झाला.

परीक्षा खरी होईल दुपारी, पंगतीला. निमोण्यात पाहुणा टेबलावर जेवला तर यजमानाची अब्रू जाते. सतरंजी पसरायची, पानं मांडायची, आणि मासवडीचा रस्सा गरम असतानाच वाढायला घ्यायचं. सहा फुटी पोरं मांडी घालायला लागतील. पहिला डावा गुडघा वर राहील, तो दाबला की उजवा वर येईल. कुणी पाय लांब सोडून बसेल आणि वाढप्या त्याच्या पायावरून उडी मारत जाईल. दहाव्या मिनिटाला पायांना मुंग्या. विसाव्या मिनिटाला पाय आहेत की नाहीत याची शंका. त्यात ‘अजून एक’ म्हणून भाकरी पडतेच आहे. नको म्हणायला हात आडवा केला तर भाकरी हातावर पडते. जेवण झालं, “बसा बसा, घाई नाय” झालं, आणि उठायची वेळ आली की डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी अशी पदवी मिळणारं ते पोर भिंतीला धरून अर्धं उभं राहील आणि परत खाली बसेल. एरंडेल कोमट करून आणण्याचा हुकूम तेवढ्यात सुटलेला असेल. बारा आणे गुडघ्याची आमची आत्या त्या पोराची पोटरी मांडीवर घेऊन वरून खाली रगडायला बसेल, आणि रगडता रगडता आशाताईंना सांगेल, “लई मेहनत घेतली वाटतं लेकरानी सकाळपास्नं.”

सेवा करायला आलेल्याची आधी आपल्याला सेवा करावी लागते, हा आमच्याकडचा अनुभवच आहे. तक्रार म्हणून सांगत नाही. उलट दुखणाऱ्याला तो मोठा आधार असतो. बारा आणे दुखणाऱ्या बाईला कुणी नुसतंच तपासत राहिलं तर ती पेशंट होते. तपासणाऱ्याचेच पाय तिला चेपायला मिळाले तर तिचं दुखणं दोन आण्यांनी उतरतं. कॉलेजांनी यावर संशोधन करावं.

फिजिओथेरपीला आमच्याकडे मान मिळत नाही, त्याला कारण आहे. ती सुई देत नाही. निमोण्याच्या माणसाला डॉक्टरची परीक्षा एकाच गोष्टीवरून करता येते: सुई टोचली का? टोचली तर डॉक्टर हुशार. सलाईन लावलं तर फार मोठा डॉक्टर. नुसती गोळी दिली तर साधा. आणि काहीच न देता, “ताई, हा पाय असा वर करा, दहा आकडे मोजा, खाली घ्या,” असं सांगितलं तर मग तालमीतला वस्ताद काय वाईट होता? त्याने फीसुद्धा घेतली नसती.

शिवाय आमची स्वतःची सोय लागलेली आहे. कमरेत उसण भरली तर आम्ही पायाळू माणूस शोधतो. जो आईच्या पोटातून पायाकडून जन्माला आला तो पायाळू. त्याने उसण भरलेल्या जागी पाय लावला, म्हणजे सभ्य भाषेत लाथ मारली, की उसण जाते. पदवी नाही, परवाना नाही, जन्माचा दाखला पुरे. अमेरिकेत ज्या विद्येसाठी घर गहाण पडायची वेळ येते ती आमच्या माणसाला आईच्या पोटातून उलटं आल्याबद्दल फुकट मिळते. शास्त्र याला काही आधार देत नाही, आणि मीही देत नाही. मणक्याची चकती सरकलेली असेल तर त्यावर लाथ म्हणजे फौजदारी गुन्हाच. पण त्या प्रसंगी एक होतं खरं. कमरेत वाकलेला माणूस घरात एकटा कण्हत पडत नाही. पायाळूला निरोप जातो, तो येतो, चार माणसं जमतात, चहा होतो, लाथ बसते, सगळे हसतात. मुका मार आणि उसण यांतल्या बऱ्याचशा आठवड्या-दोन आठवड्यांत आपल्या आपणच बऱ्या होतात. श्रेय मात्र लाथेला.

आता व्यायामाचा कागद. शिबिराच्या शेवटी प्रत्येक बाईला एक कागद मिळेल. त्यावर चित्रं. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघा खाली दाबा, दहा मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. व्यायाम अगदी बरोबर आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की झिजलेल्या गुडघ्यावरचा भार हलका होतो. यात शंका नाही. शंका आहे ती ‘दिवसातून तीनदा’ यावर. चालत्या घरात, भरल्या दिवसा, सुनेसमोर, पाय लांब करून, टॉवेल दाबत पडायचं? आणि दारावरून जाऊबाई गेली तर? आत्या कागद घडी घालून पांडुरंगाच्या तसबिरीमागे ठेवेल. तिथे नेत्रशिबिराचा कागद आहे, बचतगटाचा आहे, पीकविम्याची पावती आहे. ती जागा घरातली सगळ्यात सुरक्षित आहे. तिथला कागद हरवत नाही आणि वापरातही येत नाही.

व्यायामाची ती लालपिवळी रबरी फीत मात्र लगेच कामी येईल. तिसऱ्या दिवशी ती मोटारसायकलच्या मागे दुधाच्या किटलीला बांधलेली दिसेल. ताण चांगला धरते म्हणतील.

कागदावरची शेवटची सूचना असते: जमिनीवर बसणं टाळा, उकिडवं बसू नका, वाकून काम करू नका. इथे मात्र मला हसू येत नाही. कांद्याचं रोप उभ्याने लागत नाही. वाफ्यात वाकूनच ते एकेक टोचावं लागतं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. आमच्या भागात ऊस तोडायला बीडकडून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. तिला “दहा किलोच्या वर उचलू नका” हे सांगायचं कुणी, आणि कुठल्या तोंडाने? फळीच्या कुठल्या पायरीवर थांबून सांगायचं? रात्रीची लाइट आली की पाणी भरायला उसात जाणाऱ्याला “भरभर चालण्याचा व्यायाम करा” हे सांगायची तेवढी गरज नाही. शिरूर तालुक्यातले बिबटे तो करून घेतात.

सल्ला आणि जमीन यांची गाठ घालून देणारी माणसं आपल्याच देशात होऊन गेली. कापलेल्या पायाच्या जागी बसवायचा परदेशी कृत्रिम पाय हा खुर्चीत बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी केलेला होता. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, अनवाणी रानात जाता येत नसे. आपला शेतकरी तो पाय घ्यायचा, घरी न्यायचा आणि कोपऱ्यात उभा करून ठेवायचा. मग जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास रबराचा असा पाय केला की माणूस त्याच्यावर उकिडवा बसेल, चिखलात उतरेल, झाडावरसुद्धा चढेल. बुटाचीही गरज नाही. शर्मा फारसे शिकलेले नव्हते. पण खाली बसणं त्यांना ठाऊक होतं, आणि तेच नेमकं सगळ्या शिकलेल्यांच्या हिशेबातून सुटलं होतं.

मिशनवाल्यांच्या बाजूने सांगायचं तर वेल्लोरच्या पॉल ब्रँडचं नाव घ्यावं लागेल. पाद्र्याच्या पोटी 1914 साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा सर्जन 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं, चांगल्या स्नायूची दोरी दुसरीकडे जोडून, त्याने सरळ करून दाखवली. पण दोरी बदलली तरी मेंदूला ते कळायला हवं. आजवर एक बोट हलवणाऱ्या स्नायूने आता दुसरं बोट हलवायचं, हे त्याला शिकवत बसायचं काम फिजिओथेरपीचं. आठवडेच्या आठवडे. आठ-पंधरा दिवसांच्या दौऱ्यात ते होत नाही. पुढची गोष्ट ब्रँडनेच लिहून ठेवली आहे. बरे झालेले काही पेशंट घरी गेले आणि थोड्या दिवसांनी तोंड पाडून परत आले. हात सरळ झाल्यामुळे त्यांना कुणी भीक घालेना. कामही कुणी देईना. वाकड्या हातावर पोट चालत होतं, सरळ हाताने उपाशी मारलं. तेव्हा वेल्लोरमध्ये त्यांना सुतारकाम वगैरे शिकवायची सोय करावी लागली. शिबिरं भरवणाऱ्या सगळ्यांनी ही गोष्ट वाचावी. दुरुस्त केलेल्या अवयवाला दुसऱ्या दिवशी कामही लागतं.

त्याच वेल्लोरमध्ये शिकलेलं एक जोडपं आमच्या बाजूला आलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले, आणि परत येऊन 1970 साली जामखेडला बसले. दोघं पक्के ख्रिस्ती, आणि लपवण्याचं कारण नव्हतं म्हणून लपवलंही नाही. पण त्यांनी केलं काय? गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित, कितीतरी नवऱ्याने टाकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण, जुलाब, लसी, कुष्ठरोग, सगळं. जयपूर फूट करायचं वर्कशॉपही तिथेच उभं राहिलं आणि ते चालवणारी माणसं आसपासच्याच गावांतली. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. काम चालू आहे.

जामखेडला परदेशी विद्यार्थी आजही येतात. येतात ते मात्र शिकवायला नाही, शिकायला. जिला सही करता येत नव्हती अशी बाई त्यांना समोर बसवून सांगते की गावातलं बाळ का मरतं आणि का जगतं. या बायकांतली एक जण तर 1988 साली थेट वॉशिंग्टनला जाऊन आरोग्याच्या परिषदेत डॉक्टरांसमोर बोलून आली. अमेरिकन लोक मिशन घेऊन आमच्याकडे 1813 साली पोचले, आमची बाई त्यांच्याकडे पोचायला 1988 उजाडलं. पावणेदोनशे वर्षांत का होईना, परतफेड झाली.

या पोरांना धर्मसेवा आणि फिजिओथेरपी एकत्र कशी चालते ते बघायचंच असेल तर आषाढी वारीला यावं. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आपल्याच फिजिओथेरपीच्या कॉलेजांची पोरंपोरी मांडव टाकून वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतात. शेजारी कुणी फुकट दाढी करून देतो, कुणी चपला शिवून देतो. तिथे दुखण्याची पट्टी नाही, फॉर्म नाही, सही नाही. भेगाळलेली टाच पुढे येते, पोरगी तेल लावते, पाच-दहा मिनिटं दाबते. चेपून झालं की म्हातारा उठतो आणि ‘माउली’ म्हणून त्या वीस वर्षांच्या पोरीच्याच पाया पडतो. ती संकोचाने मागे सरकते, तर तो आणखी पुढे वाकतो. कमरेत इतकं वाकू नये असं तिला पुस्तकात शिकवलेलं असतं. पण तोवर त्याच्या मागचा पुढे येऊन बसलेला असतो.

तेव्हा पोरांनो, या. धर्म कुठला ते निमोणे विचारणार नाही. पर्यटक व्हिसावर प्रचार करता येत नाही हा कायदा तुम्हाला तुमचे मास्तर सांगतीलच. आमच्या बाजूने अटी थोड्याच आहेत. निघण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास जमिनीवर मांडी घालून बसायची सवय करा. व्यायामाचे कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापा, किंवा छापूच नका. आशाताईंना नीट शिकवून जा, कारण तुमचं विमान उडाल्यावर त्या इथेच असणार. आणि एखादा तरी असा व्यायाम शोधून आणा जो वाफ्यात उभं राहून, खुरपं हातात धरून, कुणाच्या डोळ्यावर न येता करता येईल. तेवढं केलंत तर तुमच्या नावानेही नैवेद्य जायला आमच्याकडे वेळ लागायचा नाही. वॉलेससाहेबाला विचारा.

राहता राहिली तारीख. तुमची नाताळची सुट्टी येते तेव्हा आमच्याकडे रब्बी कांद्याची लागण चालू असते. मार्च-एप्रिलमधली वसंताची सुट्टी येते तेव्हा काढणी. या दोन्ही वेळेला शिबिर ठेवू नका. ठेवलंत तर बायका सगळ्या रानात असतील आणि व्हरांड्यात तुम्हाला फक्त पुरुष सापडतील. त्यांची कंबर दुखत नाही.